आतल्या माणसाचे हक्क बाहेरच्याला ठाऊक हवेत

व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही. अटक करणारा अधिकारी समोर उभा असावा लागतो, त्याच्या अंगावर नाव स्पष्ट वाचता येईल अशी ओळखपट्टी असावी लागते, अटकेचा मेमो, म्हणजे अटकेची लेखी नोंद, तयार व्हावा लागतो आणि त्यावर घरातल्या किंवा परिसरातल्या एका तरी माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. हे सगळे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम 36 मध्ये लिहिलेले आहे (पुढे नुसती क्रमांकाने येणारी कलमेही याच कायद्यातली). तरीही, भामटा व्हिडिओ कॉलवर पोलीस बनून 'तुम्हाला अटक झाली आहे' असे सांगतो, त्या 'डिजिटल अटक' नावाच्या फसवणुकीत निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक अशा शिकल्यासवरल्या लोकांनी आयुष्यभराची पुंजी गमावली. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमचे खाते काळ्या पैशाच्या व्यवहारात वापरले गेले, कॅमेरा बंद करू नका, खोली सोडू नका, अशी सूचनांची माळ लागते. तिच्यात एक सूचना हमखास असते: घरात कोणाला सांगायचे नाही.

नेमके इथेच कायदा उलट बोलतो. कलम 48 नुसार अटक होताच त्या माणसाने सुचवलेल्या नातेवाइकाला, मित्राला किंवा अन्य व्यक्तीला अटकेची आणि तो कुठे आहे याची माहिती देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. ज्याला हे एवढेच ठाऊक असते, त्याला 'कोणाला सांगू नका' या शब्दांवरच कळते की समोरचा पोलीस नाही. तो फोन ठेवतो आणि 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करतो.

भामट्याला हे उमगलेले आहे की एकटा पडलेला माणूस कशालाही तयार होतो. खऱ्या अटकेतही जे काही वाईट घडते ते बहुधा याच एकटेपणात घडते. म्हणून मानवी हक्कांचे ज्ञान का हवे, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. 'आपले हक्क आपल्याला माहीत हवेत' असे आपण म्हणतो, पण ज्याचा हक्क धोक्यात असतो, त्या क्षणी त्याच्या हातात काहीच नसते. फोन काढून घेतलेला असतो, डोके सुन्न झालेले असते, आणि कलमे पाठ असली तरी ती बोलून दाखवण्याची ती जागा नसते. त्याचे हक्क ठाण्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात असावे लागतात. भाऊ, शेजारी, सहकारी, मैत्रीण यांच्या.

भारतातल्या हक्कांच्या मोठ्या निकालांकडे पाहिले तर हीच गोष्ट दिसते. 1979 चे हुसैनआरा खातून प्रकरण बिहारच्या तुरुंगांतल्या, खटला निकाली न लागलेल्या कच्च्या कैद्यांचे. आरोप सिद्ध झाला असता तरी जितकी शिक्षा झाली नसती, तितकी वर्षे त्यांच्यातले कित्येक जण आत होते. त्यांना स्वतःला कोर्टाचे दार सापडले नव्हते. के. एफ. रुस्तमजी या पोलीस अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात त्यांच्याबद्दल लिहिले, ते वाचून कपिला हिंगोरानी या वकील महिलेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 1987 च्या डिसेंबरात ओडिशात पोलिसांनी नेलेल्या एका बावीस वर्षांच्या मुलाचा मृतदेह दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळांवर सापडला. तो पळून गेला आणि गाडीखाली आला, असे पोलिसांचे म्हणणे. त्याची आई निलाबती बेहरा हिने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. 1993 मध्ये न्यायालयाने राज्याला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली, आणि कोठडीतल्या मृत्यूसाठी राज्याकडून थेट भरपाई मिळू शकते हे पक्के झाले. अटकेबाबतच्या अकरा सूचनांसाठी ओळखले जाणारे 1996 चे डी. के. बसू प्रकरणही पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेच्या कार्याध्यक्षांनी सरन्यायाधीशांना पाठवलेल्या पत्रातूनच उभे राहिले. या तिन्ही वेळी हक्क आतल्या माणसाचा होता आणि पाऊल बाहेरच्याने उचलले.

तेव्हा बाहेरच्या माणसाला नेमके काय ठाऊक हवे?

सुरुवात अटकेच्याही आधी होते. 'साहेबांनी ठाण्यात बोलावलंय' हा निरोप फोनवर येतो. कशासाठी, आरोपी म्हणून की साक्षीदार म्हणून, हे सांगितले जात नाही. साक्षीदाराला बोलावायचे तर कलम 179 नुसार लेखी आदेश लागतो. पंधरा वर्षांखालचा किंवा साठ वर्षांवरचा पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, अपंग व्यक्ती आणि गंभीर आजारी माणूस यांना राहत्या घराबाहेर कुठेही येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी यायचे असते. संशयिताला अटकेची गरज नसेल तर कलम 35(3) ची नोटीस द्यावी लागते, आणि ती पाळणाऱ्याला कारणे नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. अशी नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितले. म्हणून फोन आला की नम्रपणे लेखी नोटीस मागावी आणि जाताना एकट्याने जाऊ नये. भांडण करण्याचे कारण नाही. नोटीस मागितल्याने आपण कोणत्या नात्याने जात आहोत हे कागदावर येते, आणि पुढच्या सगळ्या गोष्टी त्यावर अवलंबून असतात.

अटक झाली तर पहिली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. राज्यघटनेच्या अनुच्छेद 22(2) प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. गडबड होते ती चोवीस तास कधी सुरू झाले यात. माणसाला सोमवारी संध्याकाळी 'चौकशीसाठी' आणायचे, रात्रभर बाकावर बसवायचे आणि मंगळवारी दुपारी अटक दाखवायची, ही जुनी पद्धत. मुंबई उच्च न्यायालयाने 1990 मध्येच म्हटले आहे की माणसाच्या हालचालीवर बंधन आले तेव्हाच अटक सुरू होते, अधिकाऱ्याने कागदावर लिहिलेल्या वेळी नव्हे. पण सोमवारची संध्याकाळ सिद्ध करायची तर तिचा पुरावा हवा, आणि तो फक्त बाहेरचा माणूस तयार करू शकतो. त्याने त्याच संध्याकाळी पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना चार ओळींचा ई-मेल पाठवावा: अमुक व्यक्तीला इतक्या वाजता, इथून, अमुक ठाण्याच्या पोलिसांनी नेले, तिची अटक झाली आहे का ते कळवावे. 112 वर केलेल्या कॉलचीही वेळेसह नोंद राहते. या चार ओळींत आरोप करू नयेत, विशेषणे घालू नयेत. वेळ, जागा आणि नाव इतकेच पुरे. पुढे वकील त्याचा उपयोग करतो, आणि आता वरिष्ठांकडे नोंद आहे हे समजले की ठाण्यातले वागणेही बदलते.

माणूस कुठे आहे हेच सांगत नसतील तर कलम 37 वापरावे. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात, अटक केलेल्यांची माहिती ठेवण्यासाठी किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी नेमलेला असायला हवा, आणि ती माहिती ठळकपणे लावलेली असायला हवी. तिथेही काही हाती लागले नाही तर बेकायदा डांबलेल्या व्यक्तीच्या शोधासाठी कलम 100 खाली प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी मागणी करणारी उच्च न्यायालयातली हेबियस कॉर्पस याचिका बहुतेकांनी ऐकलेली असते, पण तालुक्याच्या कोर्टातला हा जवळचा मार्ग फारसा कोणी वापरत नाही.

मेमोवर सही करायला नातेवाइकाला किंवा शेजाऱ्याला बोलावले तर सहीआधी तीन गोष्टी पाहाव्यात: अटकेची तारीख, अटकेची वेळ आणि अटकेची जागा. वेळ चुकीची असेल तर सहीजवळ आपल्या हाताने खरी वेळ लिहावी. अटकेची कारणेही लेखी मिळायला हवीत. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अटक कोणत्याही कायद्याखालची असो, कारणे लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच शक्य नसेल तर आधी तोंडी सांगायची, पण दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. दोन तास यासाठी की वकिलाला तो वाचून काही बोलता यावे. स्त्रीच्या बाबतीत सूर्यास्त ते सूर्योदय या काळात अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते.

मग वैद्यकीय तपासणी. कलम 53 प्रमाणे अटकेनंतर लगेच ती व्हायला हवी. डॉक्टरने अंगावरच्या जखमा आणि त्या साधारण कधी झाल्या असाव्यात हे नोंदवायचे असते, आणि त्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला द्यायची असते. कोठडी लांबली तर दर 48 तासांनी पुन्हा तपासणी, हा बसू प्रकरणातला दंडक. प्रत्यक्षात पोलीस त्याच खोलीत उभा असतो, डॉक्टर 'काही त्रास?' विचारतो, आणि माणूस मान हलवून 'नाही' म्हणतो. त्या एका 'नाही'मुळे पुढे सगळे अवघड होऊन बसते. मारहाण झाली असेल तर ती सांगण्याची दुसरी जागा म्हणजे पहिला रिमांड, म्हणजे कोठडी ठरवण्यासाठी दंडाधिकाऱ्यांपुढे पहिल्यांदा उभे करणे. दंडाधिकाऱ्यांपुढची ती काही मिनिटे फार मोलाची असतात. पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का, हे तिथे विचारले जाणे अपेक्षित आहे. नाही विचारले तरी माणसाने मोठ्याने सांगावे, अंगावरच्या खुणा दाखवाव्यात आणि ते नोंदवून घ्यायची विनंती करावी. वकील नसेल तर 'मला वकील द्या' एवढे म्हणणे पुरे असते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोठडीतल्या प्रत्येकाला, प्रत्येक स्त्रीला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. 15100 हा त्याचा देशभराचा क्रमांक आहे. बाहेरचा माणूस हा फोन आदल्या रात्रीच करू शकतो.

पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही हे अनेकांना माहीत असते. साक्षीदाराने तपासात दिलेल्या जबाबावर त्याची सही घेऊच नये असे कलम 181 सांगते, हे मात्र फार थोड्यांना. एफआयआरवर सही करायची, ती वाचून किंवा वाचून घेऊन. जबाबावर करायची नाही. आणि कोऱ्या कागदावर कधीच नाही.

कोऱ्या कागदाचा विषय निघाला म्हणून पंचांबद्दल बोलले पाहिजे, कारण इथे इतर कोणाचे नाही, आपलेच चुकते. झडतीच्या वेळी परिसरातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हजर हवेत, जप्त वस्तूंची यादी त्यांच्यासमोर व्हावी आणि त्या घरात राहणाऱ्याला तिची प्रत मिळावी, हे कलम 103 सांगते. पंच हे नागरिकाने नागरिकासाठी करायचे काम आहे. शेजाऱ्याच्या घरात काय सापडले आणि काय सापडले नाही याचा तो एकमेव त्रयस्थ साक्षीदार. आपण काय करतो? साहेब म्हणाले म्हणून ठाण्यात बसून आधीच लिहिलेल्या पंचनाम्यावर सही करतो, आणि पुढे कोर्टात उलटतपासणीत 'मी वाचले नव्हते' म्हणून मोकळे होतो. यात निर्दोष माणूस अडकतो आणि दोषी सुटतो, दोन्ही होते. 1 जुलै 2024 पासून झडतीचे चित्रीकरण कलम 105 ने बंधनकारक केले आहे, यादी करणे आणि तिच्यावर सह्या होणे यांसकट. पंचाने एवढे विचारावे: चित्रीकरण सुरू आहे का? आणि जे पाहिले तेवढ्यावरच सही करावी.

तक्रारदाराची बाजूही तितकीच दुबळी असते. चोरी झालेला मोबाइल 'गहाळ' म्हणून लिहिला जातो, कारण गहाळ झालेल्या वस्तूचा गुन्हा होत नाही. गंभीर मारहाणीची एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, करून माणसाला घरी पाठवले जाते. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये ठरवले. तीन वर्षे ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत आता वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, पण ती कायमची टोलवाटोलवी नव्हे. हद्दीचे कारणही चालत नाही. कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येते. ऑनलाइन दिलेल्या माहितीवर मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, ती राहिली तर नोंद होत नाही. ठाण्याने नकार दिला तर तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, आणि तिथेही काही झाले नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे. हा क्रम मोडून थेट कोर्टात गेलेले अर्ज याच कारणावरून अडकतात, म्हणून टपालाची पोच जपून ठेवावी.

हक्कांचे एक अप्रिय वास्तव असे की त्यांतले काही मागितले नाहीत तर हातचे जातात. गुन्ह्याच्या गंभीरतेनुसार 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण तो मागावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी अर्ज केला नाही आणि बासष्टाव्या दिवशी दोषारोपपत्र आले, की तो हक्क गेला. दिवस मोजणारे कोणी बाहेर नसेल तर हा हक्क असून नसल्यासारखा. 2022 च्या अखेरीस देशातल्या कैद्यांपैकी सुमारे 76 टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्ध व्हायचा होता असे. पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे आणि काही अपवाद वगळता त्याची सुटका व्हावी, असे कलम 479 म्हणते. तसा अर्ज कोर्टाकडे पाठवण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे. घरच्यांनी अधीक्षकांना तारखेसह पत्र लिहून याची आठवण द्यावी.

मानवी हक्क आयोगाचेही तसेच. तक्रारीला शुल्क नाही, ती मराठीत करता येते, पण घटनेला एक वर्ष उलटले की आयोग ती घेत नाही. राज्य आयोगाकडे तक्रार प्रलंबित असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात पडत नाही, म्हणून दोन्हीकडे एकाच वेळी पाठवण्याने फायदा होत नाही. आयोग शिफारस करतो, आदेश देत नाही. हे आधीच समजून घेतले तर फौजदारी तक्रार आणि भरपाईची याचिका हे मार्ग आपण बंद करून बसत नाही. आणि माहिती अधिकार: एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर उत्तर तीस दिवसांत नव्हे, 48 तासांत द्यावे लागते. अर्जाच्या पहिल्याच ओळीत तसे लिहावे. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचे चित्रीकरण शक्यतो अठरा महिने, कमीत कमी एक वर्ष जपावे असा 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. तारीख-वेळ देऊन ते राखून ठेवण्याची मागणी घटनेच्या आठवड्यातच लेखी करावी.

यावर म्हटले जाते की हे सारे गुन्हेगारांचे लाड आहेत. माझे म्हणणे उलट आहे. कबुलीसाठी मारहाण करणारा तपास पुरावा शोधतच नाही. चुकीचा माणूस आत गेला की खरा गुन्हेगार बाहेर राहतो, आणि ज्याचे घर लुटले गेले त्यालाही न्याय मिळत नाही. कमी मनुष्यबळात, वरून दबाव असताना काम करणाऱ्या प्रामाणिक अधिकाऱ्यालाही वेळेची नोंद, वैद्यकीय अहवाल आणि चित्रीकरण हेच खोट्या आरोपांपासून वाचवतात.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. पारधी वस्तीतल्या तरुणाने किंवा रस्त्यावर राहणाऱ्या मजुराने ठाण्यात कलम सांगितले तर त्याला आणखी मार बसेल. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि म्हणूनच हक्क समजून घेण्याचे ओझे ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्यावर टाकून आपण बाजूला होऊ शकत नाही. ज्यांचा आवाज ठाण्यात ऐकला जातो, त्या शिक्षक, डॉक्टर, सरपंच, गृहनिर्माण संस्थेचे सचिव, महाविद्यालयातले विद्यार्थी यांना हे आधी यायला हवे. 'त्यासाठी वकील असतात' हे म्हणणेही इथे टिकत नाही. वकील येतो दुसऱ्या दिवशी. बरेचसे नुकसान पहिल्या रात्रीच झालेले असते.

10 डिसेंबरला मानवी हक्क दिन साजरा होतो. 1948 च्या जाहीरनाम्याची तीस कलमे फलकावर लागतात, प्रतिज्ञा होते. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' ऐवजी 'सर्व मानव' हा बदल भारताच्या हंसा मेहता यांनी घडवून आणला, याचा अभिमान आहेच. पण त्या दिवशी महाविद्यालयांत तासभर वेगळे काम करता येईल. विद्यार्थ्यांना अटकेच्या मेमोचा नमुना द्यावा आणि त्यातली चूक शोधायला सांगावी. अधीक्षकांना पाठवायचा चार ओळींचा ई-मेल लिहून घ्यावा. एनसी आणि एफआयआर शेजारी ठेवून फरक विचारावा. मग पाच-पाच जणांचा गट जवळच्या ठाण्यात पाठवावा, आणि कलम 37 खालच्या नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव, अटक झालेल्यांची यादी, सीसीटीव्हीबाबतचा फलक आणि विधी सेवेचा क्रमांक तिथे लावलेला आहे का, हे पाहून यायला सांगावे. नसेल तर ठाणे प्रभारींच्या नावे अर्ज द्यावा, प्रतीवर सही-शिक्का घ्यावा आणि महिन्याभराने पुन्हा जावे.